इंजिनाशिवाय आलेली होडी

एका वर्षीच्या पुरात आईला आम्ही काहिलीतून नदीपार केलं. काहील म्हणजे गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची मोठी कढई. आमच्याकडे पूर आला की तीच पाण्यात सोडतात आणि माणसं बसवतात. मधल्या धारेला लागली की ती गरगर फिरते. आईसकट तीनदा फिरली. काठाला उतरल्यावर आई म्हणाली, "माझा गूळ व्हायचा तेवढा राहिला बघ." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. होडी घ्यायची हे मी तिथेच चिखलात उभ्याउभ्या ठरवलं.

माझं माहेर निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठी. मी बेळगावात अनगोळला राहते आणि एका हायस्कुलात समाजविज्ञान शिकवते. आईच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी भाऊ तिला निपाणीला डायलिसिसला न्यायचा. जुलैत बंधाऱ्यावरून पाणी गेलं की गावाच्या पुढे नदी आणि मागे तुंबलेला ओढा, मग कुणालाच बाहेर पडता येत नाही. कधी दोन दिवस, कधी पाच. तिला बेळगावात आणावं तर इथल्या मशीनवर नंबर लागत नव्हता, आणि लागला असता तरी ती आली नसती. एकदा पावसाळ्यापुरती तिच्यासाठी निपाणीत खोली घेतली होती. आठव्या दिवशी म्हशीची आठवण येते म्हणून बाई रिक्षा करून घरी!

पुढच्या पावसाच्या तोंडाला जाहिरात मोबाइलवर सापडली. फायबरची होडी, चालू इंजिन, सहा लाइफ जॅकेटं, दोन वल्ही. विकणारा कोल्हापूरच्या पलीकडचा. एका तलावावर बोटिंग चालवायचा, ते बंद पडलं म्हणून सगळं काढून टाकत होता. फोनवर मोजकं बोलायचा. मी सगळे पैसे आधीच पाठवून दिले आणि होडी आणायला टेंपोही ठरवला. नवरा म्हणाला, "आता आम्ही तुला काय म्हणायचं, कप्तान?" मी म्हटलं, जे म्हणायचं ते म्हण, पण म्हण लवकर, पाऊस सुरू झालाय.

रविवारी दुपारी भावाचा फोन आला.

"आक्का, होडी आलीया. पर इंजिन न्हाय."

"न्हाय म्हणजे?"

"म्हणजे न्हाय. जाकिटं बी न्हाईत. दोन वल्ही तेवढी हाईत. मी येस्तोवर टेंपोवाला उतरवून गेलता."

टेंपो बंधाऱ्याच्या अलीकडेच, चुलतभावाच्या उसाशेजारी होडी उतरवून गेला होता, कारण पुढे चिखल होता. मी विकणाऱ्याला फोन लावला. "माझ्या हातानं चढवून दिलंय म्याडम," तो म्हणाला, "दोरीनं बांधून दिलंय." ड्रायव्हरला लावला. तो एवढंच म्हणाला, "तुमी सांगितलं तसंच केलंय की," आणि रेंज गेली. त्यानंतर त्याचा फोन लागेचना. तो पुढचं भाडं घेऊन केरळकडे गेला होता हे नंतर कळलं.

मला वाटलं, दोघं मिळालेले आहेत. एक चढवलं म्हणतो, दुसरा सांगितलं तसं केलं म्हणतो, आणि माझं इंजिन परस्पर गायब. माझा राग वाईट आहे, शाळेत पोरांना माहीत आहे. विकणाऱ्याला मी पुन्हा फोन करून नको नको ते बोलले. चोर म्हटलं, भामटा म्हटलं, म्हातारीच्या जिवावर उठलास म्हटलं. तो मध्ये बोलायला बघत होता, मी बोलू दिलं नाही. मग त्याचा फोटो, त्याच्याच जाहिरातीतला, "या भामट्यापासून सावध राहा" असं लिहून गावाच्या ग्रुपवर टाकला. आमच्या लोकांना पुढं ढकलायला काय लागतं! संध्याकाळपर्यंत तो फोटो माझ्या शाळेच्या ग्रुपवर परत माझ्याकडेच आला.

सोमवारी सकाळी मी निपाणीला उतरले तेव्हा बंधाऱ्यावरून हातभर पाणी चाललं होतं. भाऊ होडीपाशी थांबला होता तो अलीकडेच अडकला. पलीकडे आई आणि वहिनी.

आम्ही ठाण्यात गेलो. हवालदार भला माणूस होता. "माल तिकडचा, गाडी तिकडची, हिकडं तक्रार घेऊन मी काय करू?" असं म्हणत त्यानं कागद पुढे सरकवला. "बरदु कोडरी, म्याडम. लिवून द्या. मराठीत चालतंय."

मी लिहायला लागले. जाहिरातीत काय काय होतं, काय आलं, काय आलं नाही. ड्रायव्हरशी माझं काय बोलणं झालं, इथे आल्यावर माझा हात थांबला. कारण ते मला लख्ख आठवलं. शनिवारी संध्याकाळी खडेबाजारात भाजी घेताना त्याचा फोन आला होता. इंजिनाचं बिल न्हाय म्हणतोय मालक, कोगनोळीच्या सीमानाक्यावर कुणी धरलं तर काय करू, म्हणून. मी कोथिंबीर निवडत म्हणाले होते, "अहो, मग इंजिन नाक्यावर दिसूच देऊ नका ना. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही रोजचे."

नागरिकांची कर्तव्ये हा धडा मी वीस वर्षं शिकवते.

आता हे सीमेवर न राहणाऱ्याला सांगायला हवं. आमच्याकडे ज्या वस्तूचा कागद नाही ती नाक्याच्या आधीच कुणाच्या तरी शेडमध्ये ठेवायची आणि मग ज्याची त्यानं मोटरसायकलवरून, शेतातल्या वाटेनं घेऊन जायची, ही जुनी रीत आहे. कुणी कुणाला शिकवत नाही. माझ्या माहेरी काय काय असं आलंय ते मी परकर नेसत होते तेव्हापासून बघितलंय. म्हणजे मला कळायला हवं होतं. कळलंही असणार. मी ते स्वतःला पुरतं कळू दिलं नाही. लिहिलं असतं तर तक्रार करणारी मी, उद्या माझ्यावरच कुणी बोट ठेवलं असतं. आणि तो फोटो तर शंभर ग्रुपांवर फिरत होता. मी ती ओळ गाळली, खाली सही केली, हवालदारानं शिक्का मारला.

मंगळवारची डायलिसिसची पाळी चुकली.

वहिनी दर तासाला फोन करायची. आईला दिवसाला मोजून चार भांडी पाणी प्यायची मुभा. वहिनीनं दोनावर आणलं. सगळीकडे पाणीच पाणी आणि घरात म्हातारी घोटासाठी भांडतेय. सरकारी बोट खालच्या गावात छपरांवरून माणसं उतरवत होती. आमची एक आजारी बाई त्यांच्या यादीत खाली होती, आणि त्यात त्यांचं काही चुकत होतं असं मलाही म्हणता येईना.

बुधवारी भाऊ म्हणाला, वल्ह्यांवर जातो. मी नको म्हटलं, पण फार जोर लावून म्हटलं नाही. तो आणि चुलतभाऊ होडीत बसले, अंगावर जॅकेट नाही, काही नाही. पहिले वीस हात नीट गेले. मग धारेनं जे धरलं ते सोडेना. दोघं वल्हं मारत होते आणि होडी आपली आडवी चालली होती. अर्ध्या फर्लांगावर बुडालेल्या बाभळीत जाऊन अडकली म्हणून वाचले. लोकांनी दोर टाकून ओढून काढलं. भाऊ वर आला तेव्हा दंडात काटे मोडलेले आणि तो रडत होता, पन्नाशीचा माणूस. "आक्का, त्या हरामखोराला मी सोडत न्हाय," तो म्हणाला. मी त्याच्या दंडातले काटे काढत राहिले. तेव्हाही सांगितलं नाही. ही माझी सगळ्यात वाईट आठवण आहे, आईच्या मरणाहूनही.

गुरुवारी पहाटे वहिनीचा फोन आला. "आईंना आडवंच होता येईना झालंय. भिंतीला टेकून बसल्यात. पायावर बोट दाबलं की खड्डा पडतोय. काय तरी करा वो."

दहाच्या सुमारास ठाण्यातून निरोप आला, तुमचा तो होडीवाला आलाय. हवालदारानं त्याला फोन केला होता. पण तो मला वाटतं बोलावलं नसतं तरी आला असता. बारीक अंगाचा, साठीला टेकलेला, हातात प्लास्टिकची पिशवी. नमस्कार नाही की काही नाही. पिशवीतून त्यानं आधी माझा तो मेसेज काढला, छापून आणलेला.

"हे तुमीच लिवलंय न्हवं? माझ्या लेकीच्या सासरी गेलंय हे."

मग दुसरा कागद काढला. टेंपोत चढवलेल्या होडीचा फोटो. इंजिन पिवळ्या दोरीनं बांधलेलं, शेजारी जॅकेटांचा ढीग, आणि टेंपोचा नंबर दिसतोय. भाऊ त्या फोटोकडे बघतच राहिला.

"ड्रायव्हरला शेवटचं कोण बोललं?" त्या माणसानं विचारलं. "काय सांगितलंतासा?"

भाऊ माझ्याकडे वळला. "आक्का?"

मी सांगितलं. कोथिंबीर सोडून सगळं सांगितलं.

हवालदारानं पेनाचं टोपण लावलं. "म्याडम, हे सोमवारी का न्हाय लिवलं? त्याच दिशी काढून दिलं असतं की. नाक्याच्या पलीकडं त्यो रसवंतीवाला हाय, सगळी त्येच्याकडंच ठेवत्यात." त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता, नुसतं नवल होतं.

विकणारा कागद पिशवीत घालून उठला. येताना त्याची एसटी त्याच रसवंतीवरून आली होती. भावाच्या मोटरसायकलवर बसला आणि दोघं गेले. तासाभरात भावाचा फोन आला. इंजिन खताच्या पोत्यांखाली होतं, जॅकेटं खिळ्याला टांगलेली. रसवंतीवाला उलट त्याच्यावरच खेकसला होता, "चार दिस वाट बघाय लागलोय, न्यायला कोण येईना, मी काय गोडाऊन काढलंय का?"

इंजिन आलं, पण ते बसवायला आणि चालवायला आमच्यात कुणाला येत होतं? मी त्या माणसापुढे हात जोडले. ग्रुपवर आत्ता लिहिते म्हणाले, इथेच, तुमच्यासमोर. फोन काढून ग्रुप शोधायला लागले.

"ते मागनं," तो म्हणाला. "आदी म्हातारीला आणू." आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला.

पलीकडे पोरांनी आईला खुर्चीसकट उचलून होडीत ठेवलं. तिचा चेहरा इतका सुजला होता की क्षणभर मला ओळखू आला नाही. जॅकेट तिच्या पोटावर बसेना, मी ते नुसतं धरून ठेवलं. भाऊ पुढे, मी तिच्या पायाशी, आणि तो मागे इंजिनाच्या दांड्याला. धारेत होडी हलली, पण फिरली नाही.

आईला धाप होती, तरी गप्प बसेल तर ती आई कसली. मान वळवून तिनं त्याच्याकडे बघितलं.

"देवमाणूस हैस बाबा," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "आन त्यो होडी इकणारा... त्येचा मुडदा बशिवला. माझ्या लेकीला फशिवलं. त्येच्या दारात बी असंच पाणी येऊ दे. त्येच्या बी आईला..."

"व्हय मावशी," तो म्हणाला. "असत्यात अशी माणसं." त्यानं नजर पाण्यावरून काढली नाही.

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी आईच्या पायावर हात ठेवला आणि गप्प बसले. इंजिनाचा आवाज फार होता, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत आले. आवाज होता, पण इतका नव्हता.

त्या दुपारी निपाणीला मधलीच एक पाळी मिळाली आणि आई वाचली. ग्रुपवर मी तीन ओळी लिहिल्या. "गैरसमज झाला होता, तो दूर झाला" असं लिहिलं. कुणाचा गैरसमज, ते लिहिलं नाही. पहिला मेसेज जितका फिरला त्याच्या दहाव्या हिश्शानंही तो फिरला नाही.

आई त्यानंतर चैत्रापर्यंत होती. येईल त्या पाहुण्याला ती दोन माणसांची गोष्ट सांगायची. एक चोर, एक देवमाणूस. पाहुणे चोराला शिव्या द्यायचे. मी चहा ठेवायला आत जायची. सांगायचं ठरवून मी कितीतरी शनिवारी बेळगावहून निघाले असेन. तिच्यासमोर बसलं की वाटायचं, आता तिचे किती दिवस राहिलेत, तेवढे दिवस तरी तिच्या नजरेत मी आहे तशी राहू दे.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. आई गेल्याचं सांगितलं.

"मावशीला सांगितलंसा न्हवं?" मग त्यानं विचारलं. "जायच्या आदी? त्यो होडीवाला चोर न्हवता म्हणून?"

"व्हय," मी म्हणाले. "सांगितलं."

"मग झालं," तो म्हणाला, आणि दिवसकार्य कधी आहे ते विचारून घेतलं.