भोंगा ऐकू येतो तिथवर

आमच्या गिरणीचा भोंगा असा होता की सोलापुरातल्या कोंबड्यांनी आरवणं सोडून दिलं होतं. पहाटे तो एकदा ओरडला की तळ्यातले मासे कूस बदलायचे, आणि तिरडीवर बांधलेला माणूस उठून भाकरीचा डबा मागायचा. आता हे मी सांगतोय म्हणजे यातलं थोडं कमी करून घ्या. पण एक गोष्ट कमी करू नका. वारा पडलेला असला की तो भोंगा पाच कोसांवर, सरहद्दीपलीकडे, माझ्या आक्काच्या गावात ऐकू जायचा. ते गाव मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. तिथला राजा वेगळा, कायदा वेगळा, रुपया वेगळा. भोंगा तेवढा आमचाच.

आक्का आणि दाजी तिथल्या जिनात होते. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. राहायला मालकाच्याच आवारात पत्र्याची खोली. जिनात घड्याळ एकच, मुकादमाच्या खिशात, आणि ते सकाळी पुढं नि संध्याकाळी मागं चालायचं. म्हणून तिथल्या बाया आमच्या भोंग्यावर उठायच्या. तिथं दाबून बांधलेल्या कापसाच्या गाठी आमच्या गिरणीत यायच्या आणि त्या फोडायच्या खात्यात मी. गाठ फोडली की आक्काच्या हातचा वास येतो, असं मी जो भेटेल त्याला शपथेवर सांगायचो.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून तीनचार वर्षं झाली असतील. मंदी आली, गिरणीनं पगार कापले, आम्ही संप केला. भोंगा बंद पडला.

आमच्या चाळीसमोरच्या हॉटेलात एक पेन्शनर कारकून बसायचा. जगातलं सगळं त्याला ठाऊक. मी विचारलं, "रावसाहेब, हे लोण मोगलाईत जाईल काय?"

"शक्य नाही," तो बशीतला चहा फुंकत म्हणाला. "ते परराज्य आहे. नाक्यावर जकातवाले सुईसुद्धा सोडत नाहीत."

कुणी शक्य नाही म्हटलं की मला तेवढंच पाहिजे असतं. शिवाय घरात पीठ संपलं होतं, हेही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी मी आक्काकडे चालत निघालो. नाक्यावरच्या शिपायानं माझं गठुडं उलटंपालटं केलं.

"क्या लेको जारा रे?"

"संप हाय, साहेब. दडवून न्यायलोय. हुडकून काढा."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "उसपे महसूल नईं. जा."

आक्काच्या खोलीत भाकरी खाता खाता मी जे सुरू केलं ते काय विचारता. सोलापुरात माणसांची अशी दाटी झालीय की पाऊस पडला तर जमिनीला लागायचा नाही. मालक बंगल्यात पलंगाखाली झोपतोय. गिरणीचं धुराडं शरमेनं वाकलंय, मी स्वतः टेकू दिला. जिनातल्या बाया दारात गोळा झाल्या, खिदळायला लागल्या. दाजी मात्र प्रत्येक वाक्याला "आरं तिच्या!" म्हणत होते. दाजी भोळा माणूस. त्यांना सगळं खरं वाटायचं.

आक्का चुलीपुढून म्हणाली, "ह्याचं बोलणं आदी जिनात घालावं लागतंय. कापूस लई निगतो. सरकी किती हाय ते बगायचं."

बाया हसल्या. ती हसली नाही. भाकरी तव्यावर टाकून ती माझ्याकडे वळली.

"हितंबी मजुरी कापलीया. ह्या बाया म्हंत्यात संपाला बसू या. मी म्हंती थांबा. काम गेलं तर खोलीबी जाती, मग कुटं जायचं? तवा आता खरं सांग. तुमी जिंकणार का?"

"जिंकणार की."

"आमाला हितं कसं कळायचं? तू येऊन सांगशील, त्यातलं किती धरायचं?"

मी भाकरी खाली ठेवली. आयुष्यात फार थोड्या वेळा मी विचार करून बोललोय, त्यातली ही एक. "मी काय सांगतो ते सोडून दे, आक्का. भोंगा वाजला की समज, जिंकलो. आमच्याबिगर बॉयलर कोण पेटवणार? जवर मालक ऐकत न्हाय, तवर भोंगा वाजत न्हाय."

"व्हय," आक्का म्हणाली. "ही सरकी हाय."

यात तिळाएवढीही थाप नव्हती. आमच्या खात्यातला पोराटोरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येक जण हेच धरून बसला होता. गिरणी म्हणजे आम्ही. आम्ही बाहेर, तर आत भोंगा वाजवायला भूत येणार काय?

पुढच्या महिन्यात एका पहाटे भोंगा वाजला.

मी अनवाणी फाटकापर्यंत पळालो. सगळी चाळ पळाली. फाटकात पोलीस उभे होते आणि त्यांच्यामधून गिरणीच्या लॉऱ्या आत जात होत्या. लॉऱ्यांत माणसं. कुठकुठल्या गावची, डोक्यावर वळकट्या घेतलेली, आमच्याकडे न बघणारी. बॉयलर आमच्याविनाच पेटला होता. आमच्यातला एक म्हातारा विणकर खाली बसला आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटत राहिला. मी त्या दिवशी धुराड्याबद्दल काही बोललो नाही. ते सरळ उभं होतं.

आणि तेव्हाच, हे मला चारपाच दिवसांनी कळलं, पाच कोसांवर वारा पडलेला होता. आक्का अंथरुणात उठून बसली. तिनं दाजींना हलवलं. "ऐकलासा? जिंकलं. सोलापूर जिंकलं." ती दारोदार गेली. बाया जिनात गेल्याच नाहीत, फाटकासमोर ओळीनं बसल्या, आणि आक्का मुकादमाला म्हणाली, कापलेली मजुरी दे, सोलापूरवाल्यांना मिळाली. मुकादम हसत सुटला म्हणे. दुपारपर्यंत तिची भांडी रस्त्यावर होती. दोन दिवसांनी बाकीच्या बायांना आत घेतलं. ह्या दोघांना नाही.

पेन्शनर कारकुनाला मी नंतर सांगितलं की लोण पोचलं. तो म्हणाला, "मग काय झालं?" मी उठून आलो.

त्या चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी आक्का आणि दाजी माझ्या खोलीवर आले. आक्काच्या डोक्यावर हंडा, त्यात सगळा संसार. दाजींच्या चेहऱ्यावर मात्र दिवाळी.

"काम लागलं की मला!" दाजी दारातूनच ओरडले. "नाक्याच्या अलीकडं गिरणीची लॉरी हुबी हुती. माणसं भरणारा जॉबर म्हंला, संप मिटला, नवी भरती हाय, चला. गाठी फोडायला घेतलं बगा. तुमच्याच खात्यात! आता दोगं मिळून जाऊ."

मी घाईनं दार लावलं. शेजारी ऐकत होते. ज्यांच्या जागा गेल्या ते सगळे भिंतीला भिंत लावून राहत होते. दाजींना सांगायला पाहिजे होतं की ती जागा माझी आहे, की तुम्ही संपफोडे झालात, की कुणी काही जिंकलेलं नाही. सांगितलं असतं तर दाजींनी काम सोडलं असतं. मग खाणार काय? कुणाच्याच घरात पीठ नव्हतं.

आक्का हंडा उतरवून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"जिंकला न्हवं तुमी?"

"जिंकलो की, आक्का."

"मग तू आज कामावर का न्हाईस?"

"मला मालकानं सुट्टी दिलीया. म्हंला, तू लई दमलास. पंधरा दिस पलंगावर नीज, माझ्याच."

"आरं तिच्या!" दाजी म्हणाले.

आक्कानं यातली सरकी काढली नाही. ती भिंतीकडे तोंड करून चूल पेटवायला बसली. पहाटे भोंगा वाजला तेव्हा दाजी उठले, मुंडासं बांधलं, माझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि दबक्या पावलांनी माझ्या कामावर गेले. मी जागाच होतो. चुलीपाशी आक्काही जागी होती.