तपशीलवार बिल

बाबा एका सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात होते. तिथली पद्धत घरातही चालायची. मिक्सर घ्यायचा असला तरी आधी अटींची यादी, मग तीन ठिकाणचे दर, मग मोठ्या कागदावर तक्ता. अटींत न बसणारी वस्तू कितीही स्वस्त असली तरी बाद. उरलेल्यांत जिचा दर सगळ्यांत कमी, ती घरात येई. बेंगळुरूतल्या आमच्या जे. पी. नगरच्या घरातला पंखा, शिलाई मशीन आणि आईचा चष्मासुद्धा याच मार्गाने आला होता.

नव्वदचं दशक संपता संपता धाकटी बहीण एम. एस. करायला अमेरिकेला निघाली. तिला तिकडे मोबाइल घेऊन द्यायचा हे आईने ठरवलं. तोपर्यंत आमच्यापैकी कुणी मोबाइल वापरला नव्हता. पण तिकडच्या सिनियर मुलींनी ईमेलमध्ये लिहिलं होतं की लॅब उशिरा सुटते, बसथांबा दहा मिनिटांवर आहे आणि डिसेंबरपासून वाटेवर बर्फ असतं. आईने त्यातलं बर्फ तेवढं लक्षात ठेवलं.

"घसरून पडली तर कुणाला सांगणार ती?" ती म्हणाली. विषय तिथेच संपला. उरला तो फक्त कुठला प्लॅन, हा प्रश्न, आणि तो बाबांच्या खात्यातला होता.

जेवणाच्या टेबलावर अटी ठरल्या. एक, फोन संपूर्ण देशात चालला पाहिजे. दोन, अमेरिकेतला ओळखपत्राचा नंबर मिळण्याआधी जोडणी मिळाली पाहिजे. तीन, मिनिटं संपली तर लगेच वाढवून घेता आली पाहिजेत. मग बाबांनी पेन्सिल थांबवून बहिणीकडे पाहिलं.

"युजर डिपार्टमेंटचं काही म्हणणं?"

"बिलात एकेक कॉल लिहून आला पाहिजे," तोंडातला घास न गिळताच ती म्हणाली. "सिनियर्स सांगतात, कंपन्या काहीही लावतात."

"व्हेरी गुड," बाबा म्हणाले, आणि चौथी अट लिहिली गेली. तपशीलवार बिल.

माहिती जमवायचं काम माझ्याकडे होतं. मी एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर होते. पाळी दुपारची असल्यामुळे सकाळ मोकळी असे. आठवडाभर मी सायबर कॅफेत बसून कंपन्यांची पानं उघडायची वाट पाहिली, सिनियर मुलींना प्रश्न पाठवले आणि उत्तरं वहीत उतरवली. शेवटी तीन पर्याय राहिले. पहिला, तिच्या स्वतःच्या नावावर दोन वर्षांचा करार. दुसरा, न्यू जर्सीतल्या मामाच्या फॅमिली प्लॅनवर आणखी एक नंबर, हाही करार दोन वर्षांचाच. तिसरा, विद्यापीठाजवळच्या दुकानात मिळणारा प्रीपेड, ज्यात आधी कार्ड घ्यायचं आणि संपलं की दुसरं घ्यायचं. त्याला करारही नव्हता आणि बिलही नव्हतं.

तक्ता टाइप करायला बहीण माझ्यासोबत कॅफेत आली. पडद्यावर तीन रकाने उभे राहिले तेव्हा काय होणार आहे ते तिच्या लक्षात आलं. पहिला पर्याय ओळखपत्राच्या नंबरावर बाद होत होता. तिसऱ्याला बिलच नसल्यामुळे तो चौथ्या अटीवर बाद होत होता. राहत होता मामा.

"म्हणजे माझे कॉल मामा वाचणार?" ती म्हणाली.

"बिल त्याच्या नावावर येणार. वाचेलच."

"आणि मामाने वाचलं म्हणजे सोलापूरच्या मावशीने वाचलं."

हे खरं होतं. मामाच्या मुलाने मोटारसायकल घेतल्याची बातमी मामीच्या आधी आम्हाला बेंगळुरूत कळली होती.

"कुणी आहे का?" मी विचारलं.

"कुणी नाही. तू पण ना ताई, लगेच बातमी शोध! उद्या मी केस कापायला अपॉइंटमेंट घेतली तरी सोलापुरात कळेल, एवढंच म्हणतेय. बावीस वर्षं मी कुठून किती वाजता निघाले ते सांगत आले. आता तिकडूनही सांगू?"

त्याच संध्याकाळी तिने बाबांना चौथी अट काढायला सांगितली.

"दर उघडल्यावर अट बदलता येत नाही," बाबा म्हणाले. "ऑडिटला काय सांगू?"

"कुठलं ऑडिट, बाबा? हे घर आहे."

"घर आहे म्हणून पद्धत सोडायची? आणि अट तर तुझीच आहे."

ती आत निघून गेली. मागोमाग मी गेले तेव्हा ती पलंगावर बसून नखं कापत होती. तिच्या डोक्यात एक मार्ग तयार होता. खरेदी विभागातल्या माणसाची मुलगी असल्यामुळेच तो तिला सुचला असावा.

"एकही पर्याय अटीत बसला नाही तर अट शिथिल करतात," ती म्हणाली. "कारखान्यात त्या क्रेनच्या वेळी केली होती, बाबांनीच सांगितलंय. अट गेली की प्रीपेड आपोआप आत, आणि दर त्याचाच सगळ्यांत कमी. मामाच्या रकान्यात बिलासमोर 'नाही' लिही. एक शब्द आहे, ताई."

मी 'नाही' लिहिलं नाही. मामाच्या प्लॅनमध्ये तपशीलवार बिल मिळत असणार हे मला जवळपास ठाऊक होतं. मात्र मी मामाला तसं विचारलं नव्हतं. म्हणून मी लिहिलं, 'माहिती उपलब्ध नाही'. पोलीस अधिकाऱ्याने फोन उचलला नाही की डेस्कवर आम्ही हेच छापत असू. विचारलेलंच नसेल तर हे वाक्य खोटं ठरत नाही, अशी मी माझी समजूत घातली.

रविवारी संध्याकाळी बाबांनी तक्ता पुढ्यात घेतला. पेन्सिल पहिल्या रकान्यावरून खाली गेली आणि तळाला फुली पडली. तिसऱ्यातून गेली, तिथेही फुली पडली. दुसऱ्या रकान्यात ती चौथ्या ओळीवर थांबली.

"विचारलंस का मामाला?"

"अजून नाही."

"मग उपलब्ध नाही कसं? तुमच्या पेपरात चालत असेल असं." त्यांनी चष्मा काढला. "चला, आत्ता विचारू. तिकडे सकाळ असेल."

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर आम्ही तिघं गेलो. बूथवाला बाबांना ओळखायचा. "बन्नी सार, स्वल्प इरी," या सर, जरा बसा, असं कानडीत म्हणत त्याने आतल्या माणसाचा कॉल संपेपर्यंत बाबांना स्टूल दिलं. मग बाबा काचेच्या खोलीत गेले. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे त्यांच्या बाजूचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं.

"हो, हो, सगळे बरे... एक विचारायचं होतं, बिलात प्रत्येक कॉल येतो का?... नंबरासकट?... अरे वा... नाही नाही, तुला कशाला त्रास... बरं, तू म्हणतोस तर... हो, दर महिन्याला."

बाबा बाहेर आले ते खुशीत. "सगळं येतं. तारीख, वेळ, नंबर, किती मिनिटं. शिवाय मामा दर महिन्याला तिच्या पानांची कॉपी आपल्याला पाठवणार आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

बहिणीने मान हलवली. बूथवाल्याने पावती फाडली आणि आम्ही घराकडे निघालो. बाबा चार पावलं पुढे होते.

"'नाही' लिहिलं असतंस तर?" तिने हळू आवाजात विचारलं.

"तरी विचारलंच असतं त्यांनी."

"नसतं विचारलं. 'नाही' दिसलं की ते फुली मारतात आणि पुढे जातात. पहिल्या रकान्यात विचारलं का?"

विचारलं नव्हतं. कागदावर 'हो' किंवा 'नाही' असलं की बाबांचं काम होत असे. त्यांना थांबवायला मोकळी जागाच लागायची, आणि ती मी त्यांना दिली होती. मी सरळ 'हो' लिहिलं असतं तर बिल फक्त मामाकडे गेलं असतं. आता ते आमच्या जेवणाच्या टेबलावर येणार होतं.

ऑगस्टमध्ये ती गेली. सप्टेंबरमध्ये मामाने पोस्टाने तिला फोन पाठवला आणि करार सुरू झाला. दर शनिवारी सकाळी साडेआठला, म्हणजे तिकडे शुक्रवारी रात्री, त्याच बूथवरून आम्ही फोन करायचा असं ठरलं. आई हवामान विचारी, मी अभ्यास विचारी. शेवटची दोन मिनिटं बाबांची.

ऑक्टोबरात पहिली कॉपी आली. बाबांनी ती इस्त्री केल्यासारखी हाताने सरळ केली आणि पेन्सिल घेऊन वाचली. दीड पान होतं. आमचे शनिवारचे कॉल 'इनकमिंग' म्हणून वेगळे दिसत होते. बाकी पंधरा-वीस नंबर होते, एकाच शहरातले. शनिवारी बाबांनी ते पान रिसीव्हरजवळ धरलं.

"बावीस तारीख, सतरा मिनिटं. हा कोण?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाबांनी त्या ओळीपुढे 'लॅब' असं लिहिलं. "आणि चोवीसचा? तोच आहे, अकरा मिनिटं... अगं, रागावत नाहीये. नोंद असावी म्हणून विचारतोय."

ते खरोखरच रागावले नव्हते. कारखान्यात ते प्रत्येक बिल असंच तपासत आणि तिथेही कुणावर रागावत नसत.

नोव्हेंबरच्या कॉपीत सहा ओळी होत्या. डिसेंबरच्या कॉपीत फक्त आमचे शनिवार. त्याच सुमारास तिचा मला ऑफिसच्या पत्त्यावर ईमेल आला. लॅबच्या बाहेर भिंतीवर एक फोन आहे, त्यासाठी तिने कार्ड घेतलं होतं. मोबाइल टेबलाच्या खणात बंद असायचा आणि शुक्रवारी रात्रीच बाहेर निघायचा. 'बोलू नकोस,' असं शेवटी लिहिलं होतं. मी ईमेल पुसून टाकला. मोबाइल तिला कशासाठी दिला होता ते मी विसरले नव्हते. त्या आठवड्यात तिकडे बर्फ पडत होतं, आणि दर शनिवारी आई तिला विचारत होती, "फोन जवळ असतो ना?"

जानेवारीतही आमचे शनिवार सोडले तर पान कोरंच आलं. आता बाबा कौतुक करतील, असा माझा अंदाज होता. कमी वापर त्यांना आवडत असे. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

"हिला तिकडे कुणीच नाही का?" ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबांनी तिला चारही महिने ओळीने मांडून दाखवले. दीड पान, सहा ओळी, काही नाही, काही नाही.

"मी विचारल्यावर ती म्हणाली होती, लॅबमधली मैत्रीण आहे म्हणून," बाबा म्हणाले. "तिच्याशीही बोलणं बंद झालेलं दिसतंय. भांडण झालं असेल. सांगायची नाही ती." मग माझ्याकडे वळून, "तुला काही लिहिते का?"

"अभ्यास खूप आहे म्हणते," मी म्हणाले. हे खरं होतं. खरं सांगितलं असतं तर बाबांची काळजी त्याच मिनिटाला मिटली असती, आणि भिंतीवरच्या त्या फोनचाही हिशोब सुरू झाला असता. दोन दिवस बाबा अर्धं जेवण ताटात टाकून उठले. आईने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मी तेच उत्तर दिलं, त्याच शब्दांत.

त्या शनिवारी बाबांनी आपली दोन मिनिटं आधीच मागून घेतली.

"महिन्याची मिनिटं वाया जातायत," ते रिसीव्हरमध्ये म्हणाले. "कर की कुणाला तरी फोन. कुणालाही कर. मी नाही विचारणार कोण ते... अगं खरंच नाही विचारणार."

ते क्षणभर ऐकत राहिले. "बरं," म्हणाले आणि रिसीव्हर आईकडे दिला.

फेब्रुवारीची कॉपी दोन पानांची होती. एकच नंबर, जवळजवळ रोज. चौदा मिनिटं, एकोणीस, बावीस. बाबांनी शब्द पाळला आणि पेन्सिल उचलली नाही. त्यांनी दोन्ही पानं आईला दाखवली, मग खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनाही दाखवली. त्या अक्कांना इंग्रजी आकडे कळायचे. "फ्रेंड सिक्किदाळा? सरी सरी," मैत्रीण मिळाली तर, बरं झालं, असं म्हणून त्यांनी पानं परत दिली.

मी ऑफिसातून बहिणीला ईमेल केला, नंबर कुणाचा म्हणून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

'लायब्ररीचा. कुठल्या दिवशी किती वाजता उघडते ते सांगणारी टेप आहे, संपली की पुन्हा सुरू होते. मी लावून टेबलावर ठेवते आणि वाचत बसते. बाबा बरे आहेत ना आता?'

बरे होते. त्या रात्री त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली. आईने विचारलं, ती मुलगी आपल्याकडची असेल की तिकडची. बाबा म्हणाले, कुठलीही असू दे, वीस-वीस मिनिटं ऐकून घेते म्हणजे चांगली असणार. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, असेल.

करार संपायला अजून एकोणीस महिने होते.