बेसमेंटमधली एकेरी लाइन

२००६ साली प्रल्हादरावांचा मुलगा परीक्षित नोकरीसाठी ॲरिझोनात चँडलरला निघाला, बापाला घेऊन. आमच्या शेजारचं त्यांचं पार्सिपनीचं घर विकलं गेलं. प्रश्न एकच उरला, बेसमेंटमधल्या छोट्या रेल्वेचं काय? परीक्षितनं तिकडे घेतलेल्या घराला बेसमेंटच नव्हतं.

१९६०-६१च्या सुमारास प्रल्हादराव इंग्लंडला शिकायला गेले, शिक्षण सोडलं आणि खेड्यातल्या एका रेल्वेफाट्यावर सिग्नलमन झाले. एकेरी रूळ, चार स्टेशनं, दुधाचे कॅन, मेंढ्या. प्रवासी नावाला. पुढं लाइन बंद झाली, रूळही उपटून नेले. मग हे अमेरिकेत आले, जन्मभर ऑफिसात बसले आणि रिटायर झाल्यावर तीच लाइन प्लायवुडवर परत बांधली, पाण्याच्या टाकीसकट. मला विचाराल तर वेडेपणा.

त्या वेडेपणालाही नियम होता. एकेरी रुळावर ड्रायव्हरच्या हातात टोकन पडल्याशिवाय गाडी सुटत नसे. टोकन एकच, म्हणून समोरून दुसरी गाडी यायची भीती नाही. इथं टोकन म्हणजे अंगठीएवढी तांब्याची कडी, इंजिनाच्या धुराड्यात अडकवलेली. दुसऱ्या टोकाला त्यांची बायको शोभना उभी राहायची, कणकेचे हात घेऊन. कडी काढून ओरडायची, "लाइन क्लिअर! आता जेवायला चला." ती गेली आणि गाडी थांबली. कडी घ्यायला कुणी नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन गेले. परीक्षित ते प्लायवुड कापायला करवत घेऊन उभा होता.

"बाबा, प्लीज. एकदा चालवा आणि संपवा. उद्या मूव्हर्स येतायत."

"कशी चालवू? पलीकडे कोण आहे?"

"मी बटण दाबतो ना. काय बिग डील आहे?"

"हात लावू नकोस!"

बापलेकांची ही कटकट ऐकून मी वैतागले. सरळ पलीकडे जाऊन उभी राहिले. "सोडा हो गाडी. किती ताटकळवाल?"

गाडी आली. धुळीनं माखलेली, मध्येच अडकत, रडतखडत. मी कडी काढली. "लाइन क्लिअर," म्हटलं. शोभनासारखं ओरडणं काही जमलं नाही.

परत पाठवायला कडी धुराड्यात अडकवू लागले, तर प्रल्हादराव म्हणाले, "नको, मालिनीताई. तुमच्याकडेच राहू द्या. टोकन बाहेर असलं की लाइनवर गाडी घालता येत नाही. नियमच आहे."

मग परीक्षितकडे न बघता म्हणाले, "चालव करवत."

आणि जिन्याच्या पायरीवर बसून माझ्या डब्यातली खिचडी खाऊ लागले.