किळस

समुद्रपूरच्या स्टँडवर बाबा आणि मी एकाच काठीची दोन टोकं धरून उभे होतो. त्यांना माझा हात धरवत नव्हता आणि मला एकटी सोडवतही नव्हतं, म्हणून मध्ये ती काठी. आणीबाणीच्या आधीचं वर्ष, कापूस वेचणीचे दिवस. एसटी आली. कंडक्टरनं माझ्या सुजलेल्या कानांकडे आणि झडलेल्या भुवयांकडे पाहिलं आणि मला पार मागच्या सीटवर जायला सांगितलं. तिथे बसलेला माणूस आपलं गाठोडं उचलून उठला आणि उठता उठता खिडकीबाहेर थुंकला. बाबा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुले टाकून नाई देत, कमल. मी येत जाईन." आणि ते दोन सीट सोडून पुढे बसले.

हे मी माझ्या गावातल्या लोकांसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्याच गावाबाहेर काढल्या गेलेल्यांसाठीही. गावातल्यांनी रागावू नये असं मी म्हणणार नाही. रागावावं.

माझं सासर वडनेरपासून बैलगाडीच्या वाटेवरचं. लग्नानंतर दंडावर एक चट्टा उठला, त्याला टोचलं तरी कळायचं नाही. मुलगी झाली, शोभा. ती दोन वर्षांची झाली तोवर चेहरा लपवता येईना. सासूबाईंनी मला गोठ्यात ठेवलं. त्या भाकर हातात देत नसत, वरून सोडत. कधी ती पदरात पडे, कधी शेणात. शेणातली मी पुसून खाई, आणि ते पाहून त्यांनाच मळमळे. शोभा गोठ्याकडे धावत आली की तिच्या पायावर फोक बसे. महिनाभरात तिनं गोठ्याकडे येणं सोडलं. महारोग मला झाला होता, पण खरा महारोग म्हणावा तो हा. रोगानं फक्त माझी कातडी घेतली.

देवांना मी दोष देत नाही. गिरडच्या टेकडीवर नवस बोलायला गेले होते तेव्हा दर्ग्याच्या पायरीवरच्या म्हाताऱ्या फकिरानं मला जवळ बसवून आपल्याच भांड्यातून पाणी पाजलं होतं. पण खाली उतरले की माणसं होती.

बाबांनी मला गोठ्यातून काढून नेलं ते मिशनचं हॉस्पिटल दुसऱ्या जिल्ह्यात, माळरानावर. बाबा फाटकापाशी थांबले, काठी त्यांच्याकडे राहिली. बायकांच्या वॉर्डात पाऊल टाकलं आणि वास आला. जखमांचा, फिनेलचा, जुन्या बँडेजचा. शेजारच्या खाटेवर सोनाबाई होती. नाक बसलेलं, हाताला बोटं म्हणावीत अशी उरलीच नव्हती. मी रडत होते तर ती आली आणि त्या बोथट हातांनी माझे केस कुरवाळू लागली. माझ्या अंगावर शिसारी आली. ती गेल्यावर मी नळाखाली जाऊन साबणानं डोकं खसाखसा धुतलं. मला गावानं हाकललं होतं, आणि मी गावच अंगात घेऊन आले होते.

गोळ्या सुरू झाल्या, ड्रेसिंग सुरू झालं. रविवारी चर्चला नेत. तिथंही किळस होतीच. आम्हा पेशंटांची बाकं मागं, भाकर नि द्राक्षरस वाटतात त्या प्रभुभोजनाला आमचा नंबर शेवटी, आमचे प्याले वेगळे. गावातून आलेल्या ख्रिस्ती बायका आमच्यासाठी केळी आणत आणि नाकाला रुमाल लावून वाटत. एकीनं केळं माझ्या मांडीवर टाकलं तेव्हा मला सासूबाईंची भाकर दिसली. मी ते उचललं नाही. मनात म्हटलं, हेही तसलेच. देव बदलला तरी माणसाचं नाक बदलत नाही.

मग एका रविवारी पाळकांनी महारोग्याची गोष्ट सांगितली. तो येशूच्या पाया पडला, येशूनं त्याला बरं केलं, वगैरे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मोठा देव बरं करणारच. बाहेर पडताना सोनाबाई म्हणाली, "तुनं ऐकलं का नीट? आधी हात लावला. मंग बरा केला."

"मंग?"

"मंग काय? बरा झाल्यावर तं कोणीबी हात लावते. तो सडेल होता तवा लावला."

मी दोन-तीन दिवस तेच घोळवत राहिले. मला शुद्ध होऊन ये म्हणणारे पुष्कळ भेटले होते. मी जशी आहे तशी असतानाच जवळ येणारा देव मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि ज्या हाताचा स्पर्श मी डोक्यावरून धुऊन टाकला होता तो हात कुणाचा, हे मला तेव्हा उमगलं. त्या दिवशी मी सोनाबाईच्या पायाची जखम धुतली. मधे बाहेर जाऊन ओकले, तोंड धुतलं, परत आले आणि पट्टी पुरी केली. पुढे मी ड्रेसिंग शिकले आणि तेच माझं काम झालं.

सोनाबाई रोज आपल्या मुलांसाठी प्रार्थना करी. त्याच मुलांनी तिला बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसवून पळ काढला होता. मला त्या प्रार्थनेचाही संताप येई. "त्या मेल्यांसाठी काऊन करतं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "त्यायच्यासाठी नाई. पाय सडला, नाक सडलं. मन तरी सडू नाई म्हून करतो."

सोनाबाई वारली त्या वर्षी मी बाप्तिस्मा घेतला. बाबा वर्षातून एक-दोनदा येत. ते म्हणाले, देव बदलवला म्हणतात तुनं. मी म्हटलं, बाबा, बदलवला नाई, सापडला. त्या दिवशी ते फाटकाबाहेर न थांबता पहिल्यांदाच आत आले आणि माझ्या खाटेवर बसले.

नव्या औषधांनी मी पूर्ण बरी झाले. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली. ऐंशीनंतरची गोष्ट. मी शोभाला पाहायला सासरच्या गावी गेले. मालकांनी दुसरी बायको केली होती, त्याचं मला काही नव्हतं. सासूबाईंनी मला अंगणातच थांबवलं आणि पाणी वरून ओंजळीत ओतलं. ओसरीत एक उंच पोरगी उभी होती, माझ्या आईची हनुवटी घेऊन. तिनं विचारलं, हे कोण व्हय?

"मिशनमधली बाई व्हय," सासूबाई म्हणाल्या. "भीक मांगाले आली."

मी म्हटलं, "मी तुही माय व्हय, शोभा."

तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं आणि ओढणीनं नाक झाकलं. कुणी शिकवल्याशिवाय हे येत नाही. आजही मला त्या पोरीची नाही, तिला ते शिकवणाऱ्या हातांची शिसारी येते. परत येताना एसटीत मी येशूशी भांडले. म्हटलं, माझ्यापर्यंत आलास, तिच्यापर्यंत का नाही जात? भांडायला कुणीतरी होतं, एवढ्यावर मी त्या दिवशी तगले. रोज भांडत राहिले. प्रार्थनेत शोभाचं नाव घेत राहिले. सासूबाईंचं नाव घ्यायला मला फार वर्षं लागली, आणि अजूनही दात आवळूनच घेते.

शोभाचं लग्न ठरलं तेव्हा बाबा तिला घेऊन हॉस्पिटलात आले. त्यांनी तिला सगळं खरं सांगितलं होतं. ती माझ्या क्वार्टरच्या उंबऱ्यात बसली, आत येईना. मी पिठलं-भाकरी केली. एक ताट वाढून तिच्यासमोर ठेवलं आणि स्वतः बाजूला झाले. ती म्हणाली, "तू काऊन नाई जेवत?" मी म्हटलं, मागून जेवतो. तिनं ताट दोघींच्या मधे सरकवलं आणि भाकरीचा तुकडा मोडून खायला लागली. मान खाली होती, कान लाल झाले होते. मीही घास घेतला. आम्ही ते ताट संपवलं.

जाताना ती म्हणाली, "लग्नाले येऊ नाई देत ते तुले. मी सासरी गेलो का तिकडं येजो."

माझं गाव कोणतं, असं कुणी विचारलं की मी अजून वडनेरकडचं नाव सांगत नाही. त्या अंगणाची किळस माझ्यातून गेलेली नाही, ती काढायचं काम मी देवावर सोडलं आहे. पण दिवाळीनंतर मी शोभाच्या घरी गेले. नव्या चुन्याचा वास येत होता. तिची सासू दारात घुटमळली, माझ्या हाताकडे पाहत. शोभानं काही न बोलता पाट घेतला आणि थेट चुलीजवळ मांडला. मला म्हणाली, "बस, आई. इथं ऊब आहे."