मास्तर रोज बारमध्ये असतात

ऐंशीचं दशक सरता सरता धुळ्याला देवपुरात मी शाळेत मास्तर म्हणून लागलो. नोकरी झकास होती, जेवणाचे मात्र हाल. खाणावळीतल्या आमटीत वाटीचं बूड दिसायचं. शेवटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या परमिट रूममध्ये शिरलो आणि तिथलाच झालो.

पिण्यासाठी नव्हे हो. बिअर मी एकदाच चाखली होती आणि काडेचिराइताशिवाय मला काही आठवलं नव्हतं. मी जायचो शेवभाजीसाठी. मालक नाना मसाला स्वतः भाजायचे. कांदा-खोबरं पार काळं होईपर्यंत परतायचे, आणि शेव मात्र गिऱ्हाइकासमोर रस्सा आल्यावरच घालायचे, आधी नाही. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. आजूबाजूचे बाटल्या उघडून बसायचे आणि मला चिडवायचे, "मास्तर, रस्सा चढला का?" चढायचाच. दुसऱ्या वाटीला कानातून धूर निघायचा.

अशात भडगावची मुलगी सांगून आली. पाहण्याचा कार्यक्रम झाला, मला ती फार आवडली. हसताना तोंडावर हात घेत नव्हती. आता चौकशी तेवढी बाकी होती. आमच्याकडे ही चौकशी नातेवाइकांकडे करत नाहीत, कारण ते खोटं बोलतात. ती पानटपरीवर करतात.

मुलीचे वडील, आबा, न कळवता आले. टपरीवाल्याला माझी खोली विचारली. तो भला माणूस म्हणाला, "खोलीवर कशाला जाता? या वेळेला मास्तर रोज बारमध्ये असतात."

दारात आबांची पांढरी टोपी दिसली आणि माझा हातातला घास वाटीत पडला. समोर बिअरचा ग्लास. नाना पाणीसुद्धा त्याच ग्लासात द्यायचे. त्यात पाहुणे आलेले पाहून नाना कौतुकाने पुढे झाले, "या या! मास्तर आपलं जुनं गिऱ्हाईक. कधी खाडा नाही!" झालं. लग्न मोडलं, असं मी मनात धरूनच टाकलं. एवढी चांगली मुलगी हातची गेली म्हणून मला नानांचा भयंकर राग आला.

आबा समोर बसले. माझा ग्लास उचलून त्यांनी हुंगला, मग चक्क एक घोट घेतला. पाणीच होतं. ग्लास खाली ठेवून ते नानांना म्हणाले, "माले बी हाईच भाजी द्या."

भाजी आली. आबांनी अर्धी भाकरी खाल्ली, टोपी काढून घाम पुसला आणि हात थांबवला. मला वाटलं, तिखट लागलं. पण त्यांचा चेहरा वेगळ्याच कारणाने उतरला होता.

"मास्तर, बठ्ठा लोक सांगतस, तुम्ही रोज आठे. पेतस नही, ते समजनं. पन चवकरता माणूस बारमा येस, म्हंजे जीभ मोठी शे तुम्हनी."  मग हळूच म्हणाले, "त्या दिनना पोहा तिनी मावशीनी करेल व्हतात. मनी पोरले सयपाक येत नही. शिकाडं, पन तिना हातले चवच नही. उद्या तुम्ही तिनं ताट सरकाई दिधं ते ती कोनले सांगी?"

एवढा ताठ माणूस, पण मुलीसाठी त्या बाटल्यांच्या गर्दीत माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता. 

"आबा," मी म्हणालो, "माझ्या आईच्या हातालाही चव नाही. मीठ तर तिला कधीच जमलं नाही. तिचंच खाऊन मी एवढा झालो, आणि सुट्टी लागली की पहिल्या गाडीने तिच्याकडेच पळतो."

 आबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, ताट पुढे ओढलं आणि नानांना मोठ्याने आणखी एक भाकरी मागितली.