शांततेची चाचणी

चिटुंग्विझा शहरात चर्चवाल्यांचे स्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्यांत कुंदाई मारोवाचं नाव बरं होतं. घराच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड होती, तेच त्याचं दुकान. रविवारच्या प्रार्थनांमध्ये पाद्री ओरडत, स्पीकर जळत आणि सोमवारी ते कुंदाईकडे येत. बुधवारपर्यंत काम संपलं की तो कॉम्प्युटरसमोर बसे आणि आवाज लिही.

लिही म्हणजे खरोखरच लिही. आवाज घडवण्यासाठी प्रोग्रॅमिंगच्या काही भाषा आहेत. चार ओळी टाइप करून चालवल्या की स्पीकरमधून घंटा वाजते, वारा सुटतो, मागाल ते ऐकू येतं. कुंदाई त्यातली एक भाषा तंत्रशाळेत असताना शिकला. पुढचं ज्ञान त्याने जगभर विखुरलेल्या, तोंड न पाहिलेल्या माणसांना प्रश्न विचारून मिळवलं. भाषेत एखादी गोष्ट नसेल तर ती स्वतः लिहून तिला जोडता येते. त्या जोडाला प्लगिन म्हणतात. कुंदाईला एक छोटंसं प्लगिन लिहायचं होतं, आणि त्याचं कारण त्याचे वडील होते.

वडील एका बँडमध्ये म्बीरा वाजवायचे. हातभर लाकडी फळी, तिच्यावर लोखंडी पट्ट्या आणि खाली बाटल्यांची झाकणं ठोकलेली. पट्टी दाबून सोडली की सूर निघतो आणि झाकणं त्याच्याबरोबर झणझणतात. ती झणझण नसेल तर आमच्याकडे त्याला कोणी म्बीरा म्हणत नाही. पण स्टेजवर मोठ्या स्पीकरपुढे माइक ठेवला की नुसता कर्कश कल्ला होतो, म्हणून फळीला वायर चिकटवावी लागते, आणि वायरीतून फक्त स्वच्छ सूर येतो. वडील वैतागायचे. "हा म्बीरा आंघोळीहून तसाच बाहेर आलाय रे, याला काहीतरी नेसव," असं कुंदाईला म्हणायचे.

बँडची गाडी मारोंडेराच्या रस्त्यावर उलटली. वडील गेले आणि त्यांचा म्बीराही मोडला.

वर्ष उलटलं, पीक निघालं, आणि गुवा करायची वेळ झाली. मेलेल्या माणसाच्या आत्म्याला वर्षभर बाहेर ठेवल्यावर गाजावाजाने घरी आणायचं, तो विधी. तो झाल्याशिवाय माणूस रानोमाळ भटकतो, आपल्या माणसांत परत येत नाही. त्याला आणायला म्बीरा हवा. तो करायला कुंदाईच्या आईचा भाऊ ग्वाटिरिंगा, म्हणजे कुंदाईचा सेकुरू, मामा, बसला होता. सगळ्या भागात म्हाताऱ्याच्या हाताला तोड नव्हती. त्याची एक रीत होती. गुवासाठी केलेल्या म्बीऱ्याचा सूर तो घरातल्या बाईच्या गळ्यावरून लावायचा. तिला समोर बसवून गुणगुणायला सांगायचा आणि एकेक पट्टी हातोडीने आतबाहेर सरकवत तिच्या आवाजाला आणून भिडवायचा. "मेलेला माणूस वाद्य ओळखत नाही, बायकोचा आवाज ओळखतो," असं तो म्हणे. कुंदाईच्या आईने गुवाच्या दिवशी नवऱ्याला हाक मारायची, आणि म्बीऱ्याने तिच्या आवाजात आवाज मिसळायचा. तो मिसळला तर वडील घरी येणार होते. आईने वर्षभर दुसरं काही मनात आणलं नव्हतं.

गावी माणसं खूप येणार, नुसता म्बीरा शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा नाही. म्हणून कुंदाईने वायर आणि स्पीकर न्यायचं ठरवलं आणि झणझणीचं प्लगिन लिहायला घेतलं. वायरीतून आलेला सूर आत घ्यायचा, तो किती जोराचा आहे ते मोजायचं आणि त्या मानाने झाकणांची झणझण बनवून मिसळायची. हळू वाजवलं तरी झणझण उठावी म्हणून तो येणाऱ्या सुराला त्याच्याच जोराने भागायचा. बारीक सूर त्यामुळे मोठा होई. वडिलांच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर त्याने ते पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. झाकणं अगदी खरी वाजत होती. एका सकाळी तो शेडमध्ये एकटाच हसला.

या कामात एक शिस्त आहे. नवं लिहिलेलं पहिल्यांदा चालवताना हेडफोन कानाला लावायचा नाही. लहान स्पीकर, आवाज बारीक, मगच चालवायचं. आकडा कुठे चुकला तर कानाचा पडदा जातो. कुंदाईने ही शिस्त नेहमी पाळली होती आणि प्लगिन तर शेकडो वेळा चालवून झालं होतं.

सेकुरू आला तो नवा म्बीरा काखेत मारून. पट्ट्या बसवून झाल्या होत्या, सूर लावायचा बाकी होता.

"माझी बायको कुठाय?" दारातूनच त्याने हाक दिली. भाच्याच्या बायकोला आपली बायको म्हणायची थट्टा आमच्याकडे मामाला चालते. "तुझ्याकडे ठेवायला दिलेली?"

"मळ्यात गेलीय, सेकुरू," कुंदाई म्हणाला. "म्हणाली, म्हातारा आला तर सांग, दात बसवून ये."

"दात कशाला? मी काय तिला चावणाराय?" सेकुरू स्टुलावर बसला. "दाखव तुझं भूत. या डब्यात झाकणं कुठून आली ते बघू."

स्पीकरवर ऐकवावं तर शेजारी वेल्डिंगचा कारखाना. म्हणून कुंदाईने हेडफोन दिला. वायर नव्या म्बीऱ्याला चिकटवली.

"ऐकूच येत नाही," सेकुरू पट्टी टिचकवत म्हणाला. "उंदीर पादल्यासारखं काहीतरी येतंय. वाढव."

कुंदाईने आवाज वाढवला.

"अजून."

त्याने पूर्ण वाढवला. त्याच सकाळी वायरीतली विजेची घरघर घालवायला त्याने आणखी एक छोटी सोय जोडली होती. आवाज फार बारीक झाला की तो पार शून्यावर न्यायचा. घरघर गेली, त्याला बरं वाटलं. ही सोयही त्याने वडिलांच्या मुद्रणावरच तपासली होती, आणि त्या मुद्रणात संगीत पहिल्या क्षणापासून सुरू होतं.

पण सेकुरूने म्बीरा मांडीवर घेतला आणि लगेच वाजवायला सुरुवात केली नाही. तो कधीच करत नसे. वाजवण्याआधी तो चिमूटभर तपकीर जमिनीवर टाकी, डोळे मिटे आणि आपल्या बापाला, आज्याला मनातल्या मनात सांगे की मी वाजवतो आहे. अर्धा मिनिट तरी ते चाले. कुंदाई लहानपणापासून ते पाहत आला होता. पट्ट्या हलत नव्हत्या. वायरीतून काही येत नव्हतं. जोर उतरत उतरत शून्याला पोचला आणि भागाकाराच्या खाली शून्य आलं. शून्याने भागलं की आकडा बेसुमार होतो, आणि तो सगळा हेडफोनमध्ये गेला.

बाहेर फक्त एक बारीक चिरकणं ऐकू आलं. सेकुरूचा हात हेडफोनकडे गेला, तो स्टुलावरून खाली आणि म्बीरा फरशीवर. कुंदाईने वायर उपटली.

म्हातारा फरशी चाचपत म्बीरा शोधू लागला. 

"सेकुरू? सेकुरू, ऐकताय ना?"

"कोणी शिट्टी वाजवतंय का?" सेकुरूने विचारलं.

दवाखान्यातल्या नर्सने कानात उजेड पाडून पाहिलं. तिने कुंदाईला बाजूला घेतलं. उजवा कान गेला, डाव्याचं काय होईल सांगता येत नाही, शिट्टी राहीलच, असं म्हणाली. परत येताना कोंबीच्या, भाड्याच्या छोट्या बसच्या, मागच्या सीटवर सेकुरूने कुंदाईचा गुडघा दाबला. "तुझ्या आईला बोलायचं नाही. तिला वाटेल तुझ्या बापानेच घरी यायला नको म्हटलं."

"पण सूर कोण लावणार?"

"मी लावणार," सेकुरू म्हणाला. "तू माझ्या डाव्या बाजूला बसशील आणि सांगशील, वर की खाली. भाचा कशासाठी असतो, मुझुकुरू?" हे तो हसून म्हणाला, पण त्या दिवसानंतर त्याने कुंदाईच्या बायकोवरून एकही थट्टा केली नाही.

त्या संध्याकाळी कुंदाईने कॉम्प्युटर उघडला आणि चूक सुधारली. जोर अमुक एका आकड्याखाली गेला की तो आकडाच धरायचा, एवढंच. एक ओळ लागली. ती लिहून झाल्यावर त्याने मशीन कापडात गुंडाळून कपाटावर टाकलं.

सूर लावायचा दिवस ठरला. आई स्टुलावर बसली आणि गुणगुणू लागली. तिचा आवाज जाड, थोडा घोगरा, मध्येच सरकणारा. सेकुरूने एक पट्टी वाजवली आणि डावा कान तिच्याकडे केला.

"वर," कुंदाई म्हणाला.

सेकुरूने ठोकली.

"अजून जरा. आता खाली."

आईने गुणगुणणं थांबवलं. "तू कशाला सांगतोस? शुंबाला काय कळत नाही?" भावाला ती कुळाच्या नावाने, शुंबा म्हणूनच हाक मारी.

"शिकतोय तो," सेकुरूने उत्तर दिलं. तिच्या ओठांकडे पाहून त्याला प्रश्न कळला होता. "म्हाताऱ्याने मरायच्या आधी कुणाला तरी शिकवायला नको?"

आईला ते पटलं, आवडलंही. ती पुन्हा गुणगुणू लागली.

कुंदाईचे कान चांगले होते, पण ते यंत्राचे कान होते. सूर कुठल्या ठरलेल्या आकड्याला बसतो ते त्याला ऐकू येई. आईचा गळा कुठल्याच आकड्याला बसत नव्हता. वर सांगितलं की पट्टी पुढे जायची, खाली सांगितलं की मागे पडायची. दुपार कलली, सेकुरूचा हात थकला, आईचा घसा सुकला. शेवटी सगळ्या पट्ट्या एकमेकींशी नीट जुळल्या. आईशी त्या जुळल्या नव्हत्या, हे कुंदाईला कळत होतं. किती आणि कुठे, ते त्याला सांगता येत नव्हतं.

"झालं?" सेकुरूने विचारलं.

गुवा चार दिवसांवर आला होता. बिअर मुरायला लागली होती, माणसांना निरोप गेले होते.

"झालं," कुंदाई म्हणाला.

म्होंडोरोला, वडिलांच्या गावी, कबरीपासून घरापर्यंत सकाळच्या उन्हात मिरवणूक आली. खुळखुळे वाजत होते, बायका नाचत होत्या. स्पीकर कुंदाईने आणलाच नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात सेकुरू आवाज घुमावा म्हणून म्बीरा पोकळ भोपळ्यात धरून बसला, तपकीर टाकली, डोळे मिटले, वाजवू लागला. आई पुढे झाली. नवऱ्याला हाक मारायचं गाणं तिने उचललं.

पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज वर सरकला, मग खाली आला. अंधारात दाराची कडी चाचपावी तसा तो म्बीऱ्याभोवती फिरला. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागच्या बायका तिच्याबरोबर उचलायला गेल्या आणि गप्प झाल्या. म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. तिसऱ्या वेळी आईने तोंड उघडलं, आणि मिटलं.

सेकुरू वाजवत होता. डोळे मिटलेले, चेहरा शांत. वाजवून झालं तेव्हा त्याने डोळे उघडले आणि बहीण तोंड मिटून उभी असलेली पाहिली.

"छान म्हणालीस, बाई," तो म्हणाला. "आला असेल तो."

आईने आदराने गुडघे जरा वाकवले. 

सेकुरूने कुंदाईकडे तोंड फिरवलं. "सूर बरोबर होता ना?"

"होय, सेकुरू."

"काय?"

कुंदाईने आईकडे पाहिलं. ती आता भावाच्या कानाकडे पाहत होती.

"मोठ्याने बोल रे, मुझुकुरू. या कानाने नीट येत नाही."

"होय, सेकुरू!" कुंदाई ओरडला. "बरोबर होता!"

अंगणातल्या सगळ्यांनी ते ऐकलं.