बोट सोडू नको

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझ्यावर घरच्यांचा नाही, तेव्हा फिट्टंफाट. तरी हे इथे लिहितोय, कारण घरात सांगण्याजोगं ते नाही.

मी सावंतवाडीला शाळेत मराठी शिकवतो. पप्पा मालवणला, माझ्या बहिणीकडे — लुसीकडे — असायचे. त्यांची सगळी नोकरी एका जुन्या, अवाढव्य प्रवासी बोटीवर गेली. पॅन्ट्रीत स्टुअर्ड होते. ती बोट आता आखातातल्या एका बंदरात कायमची बांधून ठेवलीय, हॉटेल करून. गेल्या वर्षी त्याच शहरात चुलतभावाकडे लग्न निघालं.

तोवर पप्पा कोणालाच ओळखेनासे झाले होते. मला तर पोस्टमन समजायचे, गेलो की पत्र मागायचे. निघताना म्हटलं, "पप्पा, तुमच्या बोटीर जातंय. थंयसून व्हिडिओ कॉल करतंय."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "बोट सोडू नको रे."

मी खूश. बोट तरी ओळखली! उद्या पॅन्ट्री दाखवली की तिच्यामागून मलाही ओळखतील... एकदाच. एवढंच हवं होतं.

दुपारी तीनला बोटीवर चढलो. वर झुंबरं, गालिचे, पॅन्ट्री तळाला. जिन्यावर 'प्रवेश बंद' अशी पाटी. पण मास्तर माणूस — पाट्या दुसऱ्यांसाठी असतात. तीन मजले उतरलो, चार वळणं घेतली, आणि दिवे गेले. फोनला रेंज नाही. टॉर्च मला वर्गातली मुलं लावून देतात. फोन उजव्या खिशात कोंबला आणि लोखंडी भिंती चाचपत हाका मारत राहिलो. कुणी ओ देईना.

मग उजव्या मुठीत एक बोट आलं.

वरच्या पेरापाशी वाकडं. पप्पांचं ह्याच बोटीच्या दारात चेंगरलेलं बोट... लहानपणी चर्चच्या फेस्ताच्या गर्दीत ते धरून मी मैलभर चाललोय. ओरडायला हवं होतं. मी मात्र पाच वर्षांच्या पोरासारखा मुकाट निघालो. डावीकडे, जिना, उजवीकडे, पुन्हा जिना. एक जड दार ढकललं गेलं आणि अंगावर ऊन आलं. डोळे दिपले. तेवढ्यात रेंज आली, फोन वाजला.

मी बोट सोडलं आणि खिशात हात घातला.

"लुसी, पप्पांक फोन दी, बोट दाखयतंय—"

"पप्पा गेले रे."

"कधी?"

"आत्ता. तुझो फोन वाजत होतो ना, ह्याच घडयेक. मघापासून उजवो हात वर धरून होते, एक बोट पुढे करून. मी हात खाली करूक गेलंय तर माकाच दटावल्यानी. मगे म्हणाले, 'बोट सुटला', आणि हात पडलो." ती रडायला लागली. "शेवटाक तेंका बोटच आठवली रे..."

मागे वळून पाहिलं. दार होतं. माणूस नव्हता.

दरवर्षी मी मुलांना शिकवतो — समुद्रातली ती बोट, हाताचं ते बोट. ती बोट असती तर पप्पा 'सुटली' म्हणाले असते. 'सुटलं'चं आमच्या मालवणीत 'सुटला' होतं. लुसीला वाटतं, मरताना म्हातारा व्याकरण चुकला. मी, मराठीचा मास्तर, तिची चूक दुरुस्त करू शकलेलो नाही.

तेव्हा मला कोणी नेलं, मला अजून कळलेलं नाही. तुम्ही सांगाल तेही पटेलच असं नाही.

हल्ली मी फोन डाव्या खिशात ठेवतो.